जाड बुडाचे पातेले

मराठी पाककृतींच्या गद्यात एक सूचना इतक्या वेळा येते की वाचणाऱ्याची नजर तिच्यावर थांबतच नाही : जाड बुडाचे पातेले घ्यावे. कृती बासुंदीची असो, वड्यांच्या पाकाची असो वा तांदळाच्या खिरीची, जिन्नसांची मापे संपली की ही सूचना येते आणि मजकूर पुढे सरकतो. बूड जाड का असावे, किती जाड असावे, पातेले कोणत्या धातूचे असावे, हे लिहिणारी सांगत नाही. वाचणारीला ते ठाऊक आहे, असे ती गृहीत धरते. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ मध्ये छापले गेले आणि कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० मध्ये आली. या दोहोंमधल्या ९५ वर्षांत आणि त्यानंतरच्या अर्धशतकात मराठी स्वयंपाकघरातला धातू जवळजवळ पूर्णपणे बदलला. सूचना मात्र तीच राहिली, आणि तिच्यामागचे ठाऊक असणे हळूहळू विरत गेले.

रोजच्या स्वयंपाकाला चांगले भांडे कोणते, हा प्रश्न वरवर पाहता बाजारहाटाचा आहे. आम्ही भाषा-साहित्य शिकवणारी माणसे. धातुशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. तरीही या प्रश्नाकडे वळावेसे वाटले, कारण त्याचे उत्तर मराठीने पिढ्यान्‌पिढ्या आपल्या शब्दांत साठवले आहे आणि ते शब्द आता वर्गात समजावून सांगावे लागतात. कळकणे, कल्हई, बीड, मठारणे हे शब्द विद्यार्थी तळटिपेसारखे उतरवून घेतात. प्रत्यक्षात त्यांतला प्रत्येक शब्द ही भांडे पारखण्याची एकेक कसोटी आहे.

आमच्या मते या कसोट्या मुळात तीन. भांडे आच सगळीकडे सारखी पोचवते का? ते अन्नाला बाधते का? आणि अन्न त्याला चिकटते का? गेल्या दीडशे वर्षांत जो जो धातू चुलीवर आला, त्याने यांपैकी एखाद्या प्रश्नाचे उत्तम उत्तर दिले आणि दुसरा प्रश्न मागे ठेवला. तिन्हींना एकाच वेळी पुरे पडणारे भांडे अद्याप झालेले नाही. निवड करावी लागते ती म्हणूनच. परंतु निवड म्हटली की चौथाही प्रश्न येतो, तो म्हणजे ती करण्याचा अधिकार कोणाचा. त्याच्यापासूनच आरंभ करणे योग्य होईल.

नाकारलेले भांडे

मुक्ताबाई आणि मांडे यांची कथा मराठी वाचकाला सांगावी लागत नाही. निवृत्तिनाथांना मांडे खाण्याची इच्छा झाली, म्हणून मुक्ताबाई कुंभारवाड्यात खापर आणायला गेली. या संन्याशाच्या पोरांना कोणी खापर देऊ नये असा धाक विसोबा चाटीने घातलेला होता. ती रिकाम्या हाताने परतली. मग ज्ञानेश्वरांनी जठराग्नी प्रदीप्त केला आणि तिने त्यांच्या पाठीवर मांडे भाजले. ही कथा आपण योगसामर्थ्याची म्हणून ऐकतो आणि पुढे हाच विसोबा खेचर होऊन नामदेवांचा गुरू झाला, या उलटापालटीने सुखावतो. मात्र कथेचा पहिला भाग नीट पाहिला तर तो साध्या बहिष्काराचा आहे. पीठ आहे, पुरण आहे, करणारीचे कसब आहे. नाकारले जाते ते केवळ भाजण्याचे भांडे. बहिष्कार घालणाऱ्यालाही हे उमगलेले आहे की धान्य न तोडता, नुसते भांडे तोडून माणसाला उपाशी ठेवता येते.

ही दंतकथा बाजूला ठेवून इतिहासाकडे आलो तरी चित्र निराळे दिसत नाही. ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ म्हणून मराठीत ओळखल्या जाणाऱ्या १९३६ च्या आपल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अहमदाबाद जिल्ह्यातल्या झानू गावाची हकिकत नोंदवली आहे. नोव्हेंबर १९३५ मध्ये तिथल्या बऱ्या परिस्थितीतल्या काही अस्पृश्य स्त्रियांनी धातूच्या भांड्यांतून पाणी आणायला सुरुवात केली. गावातल्या सवर्णांना तो आपल्या प्रतिष्ठेचा अपमान वाटला आणि त्यांनी या स्त्रियांना मारहाण केली. भांडे पाण्याचे होते, चुलीवरचे नव्हते. पण मुद्दा बदलत नाही. माती कोणाची, पितळ कोणाचे, हे इथे ऐपतीवर ठरत नव्हते. ऐपत असूनही धातू निषिद्ध होता. आज दुकानात फळीवरचे कोणतेही भांडे हात लांबवून घेता येते, ही गोष्ट म्हणूनच क्षुल्लक नाही. ती मिळवावी लागलेली आहे.

कळक आणि कल्हई

ज्या घरांत धातू होता, तिथे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो मुख्यत्वे तांबे आणि पितळ हा होता. आच पोचवण्यात तांब्याचा हात धरणारा स्वयंपाकघरात दुसरा धातू नाही. आजच्या साध्या स्टीलची उष्णता वाहून नेण्याची शक्ती १ मानली, तर बिडाची सुमारे ३, पितळेची सुमारे ७, शुद्ध ॲल्युमिनियमची सुमारे १५ आणि तांब्याची सुमारे २५ भरते. पितळी पातेल्यात आटवलेले दूध सहजी करपत नसे, याचे कारण या आकड्यांत आहे. आच बुडाच्या एकाच जागी साचत नाही, ती पसरते.

परंतु या धातूंचा दोष तितकाच मोठा. ताक, चिंच, कोकम, टोमॅटो, म्हणजे रोजच्या आमटी-कढीत जे जे पडते ते ते, तांब्यापितळेशी झटते. तांबे अन्नात उतरते, चव कडवट-कसर होते, पोट ढवळते. यासाठी मराठीने एक स्वतंत्र क्रियापद घडवले : कळकणे. ताक आंबले म्हणजे ते आपल्या गुणाने बिघडले, ते कळकले म्हणजे भांड्याच्या दोषाने बिघडले. बिघाडाचे कारण क्रियापदातच सांगणारा इतका नेमका शब्द केवळ अनुभवातूनच येतो.

कळकण्यावरचा उपाय म्हणजे कल्हई. भाता मारून निखारे फुलवायचे, भांडे तापवायचे, नवसागराची पूड टाकून आतला पृष्ठभाग स्वच्छ करून घ्यायचा, कथलाची कांडी टेकवायची आणि वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने सर्वत्र फिरवायचे. पांढऱ्या धुराचा लोट उठतो आणि पिवळे भांडे आतून रुपेरी होते. या पातळ थरावरच घराचे आरोग्य अवलंबून असे, आणि तो थर टिकाऊ नसे. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. म्हणजे रिकामे पातेले चुलीवर विसरले की कल्हई गेली. राखेने, वाळूने घासताना ती झिजे. मग आतले पितळ डोकावू लागे. ‘पितळ उघडे पडणे’ या वाक्प्रचाराचा उगम सोन्याच्या मुलाम्यात शोधतात, आणि ते खरेही असेल; पण स्वयंपाक करणारीला त्याचा अर्थ कोशात पाहावा लागत नव्हता. दर काही महिन्यांनी तो तिच्या हाताखाली दिसत होता.

भांडे घडवणाऱ्याचेही कसब भाषेत उतरले आहे. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी पेशवाईपासूनची. हातोडीचे ठोके शेजारी-शेजारी बसवून भांडे मठारतात. त्या ठोक्यांची चमकदार नक्षी आपण शोभेची समजतो, पण ठोक्यांनी धातू कठीण होतो आणि पातळ पत्राही आकार धरून राहतो. या आवाजाची सवय इतकी जुनी की, टुक्‌ टुक्‌ असे एकसुरी ओरडणाऱ्या एका पाखराला मराठीने तांबट हेच नाव दिले.

बीड

या काळात भाकरी-पोळीचा तवा मात्र लोखंडाचा, आणि घावन-आंबोळीचा बिडाचा. ओतीव लोखंडाला बीड म्हणतात. बीड आच पोचवण्यात मंद. पण जड असल्यामुळे एकदा तापले की उष्णता धरून ठेवते, आणि गार पीठ ओतले तरी विझल्यासारखे होत नाही. घावनाला जाळी पडते ती त्यामुळे. शिवाय न चिकटण्याच्या प्रश्नाचे उत्तर बिडाने कारखान्याच्या कितीतरी आधी दिलेले होते. नव्या तव्याला तेल लावून तो तापवायचा, कांद्याचा अर्धा काप त्यावर फिरवायचा, पुन्हा तेल, पुन्हा आच. तापलेल्या तेलाचा एक कठीण, काळा, गुळगुळीत थर लोखंडावर बसत जातो. आजीचा तवा नातीला सोपा जातो, यात भावनेचा भाग थोडा आणि या थराचा भाग फार मोठा आहे.

दोष इथेही आहेच. आंबट पदार्थ लोखंडात काळवंडतो, ओले ठेवले तर गंज चढतो, आणि पडले तर बीड फुटते. म्हणून कढी पितळेत, घावन बिडात अशी वाटणी होती. जुन्या घरात भांडी पुष्कळ दिसतात ती हौसेपोटी नव्हेत. प्रत्येकाचा गुण आणि दोष ओळखून कामे नेमून दिलेली होती.

जर्मन आणि स्टील

ॲल्युमिनियम स्वस्तात काढण्याची विद्युत्-प्रक्रिया १८८६ मध्ये सापडली. १८९८ मध्ये आल्फ्रेड चॅटर्टन यांनी मद्रासच्या कलाशाळेत या धातूची भांडी करवून घ्यायला सुरुवात केली. मराठीत या भांड्यांना ‘जर्मनची भांडी’ म्हणतात. वास्तविक ‘जर्मन सिल्व्हर’ हा तांबे, जस्त आणि निकेल यांचा वेगळाच मिश्रधातू आहे. त्यात चांदी नाही आणि ॲल्युमिनियमही नाही. नाव काहीही असो, जर्मनचे पातेले हलके, स्वस्त, लवकर तापणारे आणि कल्हईच्या खर्चातून सोडवणारे होते. ज्यांना पितळ परवडत नव्हते किंवा वापरू दिले जात नव्हते, अशा असंख्य घरांत धातूचे पहिले भांडे आले ते याच रूपाने. मध्यमवर्गाने त्याला गरिबीची खूण मानून नाक मुरडले. अन्नाच्या दृष्टीने दोष एवढाच, की ते मऊ असल्याने पोचते आणि आंबट-खारट पदार्थ त्यात शिजवून तसाच ठेवला तर धातू अन्नात उतरतो. पुढे हिंडालियमसारखे कठीण मिश्रधातू आले, पृष्ठभागावर विद्युत्-प्रक्रियेने ऑक्साइडचा जाड थर चढवलेली काळपट भांडीही आली. त्यांनी हे दोष बरेच कमी केले.

स्टीलची कथा निराळी. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये न गंजणारे पोलाद तयार केले. त्यातल्या क्रोमियममुळे पृष्ठभागावर एक अदृश्य थर तयार होतो आणि तो ओरखडला तरी आपोआप भरून येतो. म्हणजे कल्हई आता धातूच्या अंगातच होती. स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत स्टीलने मराठी घरातले पितळ माळ्यावर चढवले किंवा मोडीत धाडले. ताक कळकेनासे झाले. ‘कळकणे’ हे क्रियापद निवृत्त झाले ते तेव्हापासून.

पण याच वेळी दूध बुडाला लागू लागले. वर दिलेला हिशेब पुन्हा पाहावा : पितळ ७, स्टील १. पातळ पत्र्याच्या स्टीलच्या पातेल्यात आच ज्योतीच्या वर्तुळातच साचते आणि नेमके तेवढेच वर्तुळ करपते. आमची अशी धारणा आहे की, ‘जाड बुडाचे’ हे विशेषण पाककृतींत इतके अटळ झाले ते या बदलामुळे. पितळेच्या राज्यात ज्याची फारशी आठवण करून द्यावी लागत नव्हती, त्याची स्टीलच्या राज्यात प्रत्येक कृतीत द्यावी लागली. स्टीलच्या बुडाला तांब्याचा मुलामा देणे, दोन पत्र्यांच्या मध्ये ॲल्युमिनियमचा थर घालणे, हे सारे नंतरचे उपाय म्हणजे गेलेले बूड परत आणण्याचीच खटपट होय.

निवडणारी कोण?

स्टीलबरोबर एक सामाजिक बदलही झाला, त्याची दखल साहित्याच्या अभ्यासकांनी घ्यायला हवी. तोवर घरातली भांडी बहुधा आंदणातून येत. रुखवतात ती मांडली जात, त्यांवर नाव घातलेले असे, आणि ते नाव पुष्कळदा देणाऱ्याचे किंवा घरधन्याचे असे. जी ते भांडे पुढची चाळीस वर्षे घासणार, तिला ते पारखून घेण्याची संधी क्वचितच मिळे. पेठेतला व्यवहार पुरुषांचा होता.

बोहारीण आली आणि हा व्यवहार उंबरठ्यावर आला. जुने कपडे द्यायचे आणि भांडे घ्यायचे. पैसा मध्ये नाही, त्यामुळे पैशाच्या मालकाची परवानगीही नाही. दुपारच्या वेळी, दोन बायकांमध्ये, घासाघीस करून हा सौदा होई. भांडे हातात तोलून वजन पाहायचे, टिचकी मारून आवाज ऐकायचा, फरशीवर ठेवून ते डुगडुगते का पाहायचे, काठ हाताला लागतो का चाचपायचे. मराठी कथा-कादंबऱ्यांत आणि विनोदी लेखनात बोहारीण येते ती बहुतेक वेळा चेष्टेचा विषय म्हणून. नवऱ्याचा आवडता सदरा देऊन गंज घेणारी बायको हे ठरलेले हास्यचित्र. आम्हांला त्या सौद्यात दुसरेही काही दिसते. स्वतः वापरायचे भांडे स्वतः निवडण्याचा हक्क असंख्य मराठी स्त्रियांनी प्रथम बजावला तो या उंबरठ्यावर. आणि दारावर उभी राहून तोच सौदा करणारी बोहारीण धातूची तितकीच जाणकार होती, हेही विसरू नये.

निर्लेप

राहता राहिला तिसरा प्रश्न, चिकटण्याचा. अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीत काम करताना ६ एप्रिल १९३८ रोजी रॉय प्लंकेट यांना एक पांढरी, निसरडी पूड अपघातानेच मिळाली. टेफ्लॉन ते हेच. फ्रान्समध्ये मार्क ग्रेग्वार यांनी १९५४ च्या सुमारास ते ॲल्युमिनियमच्या तव्यावर बसवले. भारतात असा तवा रुजवण्याचे श्रेय मराठवाड्याकडे जाते. १९६८ मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, भोगले कुटुंबाने कारखाना काढला आणि त्याला नाव दिले ‘निर्लेप’. २०१८ मध्ये बजाज इलेक्ट्रिकल्सने ही कंपनी ताब्यात घेतली. तोवर मराठी घरांत निर्लेप हे विशेषनाम सामान्यनाम झालेले होते.

हा शब्द वेदान्ताच्या परिभाषेतला. जगात राहूनही ज्याला जगाचा लेप लागत नाही, तो निर्लेप. संतवाङ्मय शिकवताना जो शब्द आत्म्याच्या संदर्भात येतो, तो डोशाच्या तव्यावर इतका चपखल बसावा, याचे कौतुक वाटते. मौज अशी, की चुलीवरच्या सर्व भांड्यांत लेप दिलेले भांडे नेमके हेच. आणि कल्हईप्रमाणे हा लेपही झिजतो. फरक असा, की झिजलेल्या लेपाला दारावर येणारा कल्हईवाला नाही. ओरखडे पडून लेप सुटू लागला की तवा टाकून देणे हाच बहुधा मार्ग. रिकामा तवा मोठ्या आचेवर ठेवून २६० अंशांच्या पुढे तापवला की लेप बिघडू लागतो, आणि फारच तापला तर निघणाऱ्या वायूंनी घरातली पाळीव पाखरे दगावू शकतात. या लेपाच्या निर्मितीत पूर्वी वापरले जाणारे पीएफओए हे रसायन आरोग्याला घातक ठरल्यावर, बड्या उत्पादकांनी २००६ मध्ये ते २०१५ पर्यंत बंद करण्याचे मान्य केले आणि २०१९ मध्ये त्यावर आंतरराष्ट्रीय कराराने निर्बंध आले. मंद आच, लाकडी उलथने, आणि रिकामा तवा कधीही न तापवणे, या तीन अटी पाळल्या तर हा तवा आपले काम चोख करतो. मात्र या अटी म्हणजे कल्हईच्या भांड्याच्याच जुन्या अटी आहेत, हे लक्षात घ्यावे.

पारख

अलीकडे तांबे, पितळ आणि माती पुन्हा दुकानांत आली आहेत, आणि त्यांच्याबरोबर पूर्वजांच्या शहाणपणाची ग्वाहीही. या ग्वाहीत कल्हईचा उल्लेख असतोच असे नाही. कल्हई नसलेल्या पितळी कढईत टोमॅटोची भाजी शिजवणे हे पूर्वजांच्या शहाणपणाचे अनुकरण नसून त्याचे विस्मरण आहे. तसेच राखेने-चिंचेने ती भांडी रोज लखलखीत ठेवणारे हात कोणाचे होते, हेही त्या स्मरणरंजनात गळून पडते. पितळ माळ्यावर गेले तेव्हा अनेक स्त्रियांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल; त्या निःश्वासाचाही इतिहासात समावेश व्हायला हवा.

तेव्हा आज कोणी आम्हांला विचारले, तर आम्ही जुन्या वाटणीकडेच बोट दाखवू. आमटी, दूध आणि खीर यांसाठी आतबाहेर स्टील व मध्ये ॲल्युमिनियम असलेले जड पातेले. त्यात कळक नाही आणि बूडही आहे. परतण्या-तळण्याला लोखंडी कढई, फक्त आंबट वर्ज्य. भाकरीला लोखंडी, घावन-डोशाला बिडाचा तवा. तो अंगवळणी पडेपर्यंत धीर हवा. लेपाचा तवा हवाच असेल तर एक, लहान, मंद आचेसाठी. इंडक्शनची शेगडी असेल तर बुडाला लोहचुंबक चिकटते का एवढे पाहून घ्यावे. आणि घेताना बोहारणीपुढे उभ्या राहिलेल्या त्या बाईसारखे : हातात तोलून, टिचकी मारून, सपाट जागी टेकवून.

खानदेशात मांडे आजही उलट्या खापरावर भाजले जातात. धातूंच्या इतक्या राजवटी आल्या-गेल्या तरी त्या कामाला मातीहून सरस काही सापडले नाही, म्हणून ती टिकली. मुक्ताबाईला कुंभारवाड्यातून हवे होते ते हेच भांडे.